मुलांचे संगणक-शिक्षण आणि स्वयंसेवकांचा गौरव

आपल्या ग्रामीण भागातील कोणत्याही जुन्या शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले, की भिंतीवर रंगविलेली देणगीदारांची नामावली नजरेस पडते. कोणी वर्गखोलीसाठी रक्कम दिलेली असते, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ भिंतीवरचे घड्याळ दिलेले असते, तर पंख्याच्या पात्यावरही देणाऱ्याचे नाव असते. ही प्रथा स्वागतार्ह आहे. शाळा ही गावाची आहे, ही भावना त्यातून जोपासली जाते. परंतु त्याच शाळेतील बंद पडलेले संगणक एखादा तरुण चार शनिवार खर्ची घालून पुन्हा चालू करतो, मुलांना त्यावर चित्रे काढावयास व गणिते मांडावयास शिकवितो, त्याचे नाव मात्र कोठेही नोंदले जात नाही. वस्तू देणाऱ्याची नोंद होते. त्या वस्तूत प्राण ओतणाऱ्याची होत नाही.

ही केवळ सौजन्यातील उणीव नाही. ज्या सेवेची नोंद राहत नाही, ती सेवा पुढे चालविणारेही कोणी मिळत नाही. तो तरुण नोकरीनिमित्त गाव सोडतो. त्याने नेमके काय केले होते, हे कोणालाच सांगता येत नाही आणि संगणक पुन्हा कपाटात जातात. म्हणूनच बालकांच्या संगणक-शिक्षणात स्वेच्छेने केलेल्या उल्लेखनीय कार्याची दखल कशी घ्यावी, हा शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी गांभीर्याने विचारात घ्यावा असा विषय आहे. प्रस्तुत लेखात जगातील व आपल्या देशातील काही अनुभवांच्या आधारे त्याचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

मुलांच्या हाती संगणक देण्याची कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फोयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा विकसित केली. पडद्यावरील कासवाला आज्ञा द्यायच्या आणि त्याच्या वाटचालीतून आकृती उमटवायची, असे तिचे स्वरूप होते. संगणकाने मुलाला शिकवावे यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावे, आणि ते करताना स्वतःच्या विचारातील चूक स्वतःच शोधावी, हे पॅपर्ट यांचे प्रतिपादन होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या त्यांच्या ग्रंथाने हा विचार जगभर पोहोचविला.

भारतात १९८४-८५ साली ‘क्लास’ या नावाने ओळखला जाणारा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प प्रायोगिक स्वरूपात हाती घेण्यात आला. निवडक २४८ माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांमध्ये ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक बसविण्यात आले. पुढे २००४ च्या डिसेंबरमध्ये केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञानाची शालेय योजना सुरू केली. शाळांना यंत्रे मिळत गेली. मात्र यंत्र पोहोचविणे आणि यंत्र मुलांच्या उपयोगी पडणे, या दोन टप्प्यांमध्ये मोठे अंतर असते. ते अंतर बहुधा कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेले नसते, आणि नेमके तेथेच स्वयंसेवकाचे कार्य सुरू होते.

एका जागतिक प्रयोगाचा धडा

या दृष्टीने ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ हा प्रकल्प अभ्यासण्याजोगा आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली त्याची घोषणा केली. विकसनशील देशांतील बालकांसाठी शंभर डॉलर किमतीचा, मजबूत व अल्प विजेवर चालणारा संगणक तयार करावा, असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ‘एक्सओ’ या नावाचे हे यंत्र सुमारे दोनशे डॉलरच्या घरात गेले. त्यासाठी मुलांना सोयीची ‘शुगर’ ही मुक्त स्वरूपाची प्रणाली रचण्यात आली. तीत मूल जे काही करील त्याची नोंद आपोआप एका रोजनिशीत होते. कळफलकावरील एक कळ दाबली, की समोर चाललेल्या खेळामागील आज्ञावलीही मुलाला पाहता येते, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य होय.

आपल्या राज्यातही या यंत्राचा प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्याशा शाळेत २००७ साली मुलांच्या हाती हे संगणक देण्यात आले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनीही या शाळेतील प्रयोगात रस घेतला.

२००८ साली वॉल्टर बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. ‘शुगर’ ही प्रणाली वाढविण्याचे व सांभाळण्याचे काम तेव्हापासून प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले. वेगवेगळ्या देशांतील अभियंते, प्राध्यापक, शिक्षक आणि शाळकरी मुलेही त्यात सहभागी झाली. एक्सओ यंत्र नसलेल्या शाळांनाही ही प्रणाली साध्या संगणकावर वापरता यावी, म्हणून ती एका छोट्या स्मृतिकांडीवर उपलब्ध करण्यात आली. २०१० साली निघालेल्या तिच्या आवृत्तीचे नाव ‘मँगो लस्सी’ असे ठेवण्यात आले होते.

आता दोन देशांचे अनुभव पाहू. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाने २००७ च्या मे महिन्यात व्हिया कार्दाल या लहानशा गावातून प्रारंभ केला आणि २००९ च्या अखेरीपर्यंत देशातील सर्व सार्वजनिक प्राथमिक शाळांतील मुलांना संगणक पोहोचविले. शासकीय यंत्रणेच्या जोडीला तेथे स्वयंसेवकांचे मोठे पाठबळ उभे राहिले. गावोगावच्या नागरिकांनी साहाय्यकांचे जाळे विणले. आज्ञावली रचणाऱ्या तरुणांनी देशातील मुलांना उपयोगी पडतील असे खेळ व पाठ तयार केले. तेथील प्रजासत्ताक विद्यापीठाने २००८ साली ‘फ्लोर दे सेइबो’ हा उपक्रम सुरू केला. त्यात विविध विद्याशाखांचे विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांसह वस्त्यावस्त्यांत जाऊन शाळांना व कुटुंबांना साहाय्य करीत.

याच खंडातील पेरू या देशाने लक्षावधी संगणक वाटले. त्या वाटपाच्या परिणामांचे मूल्यमापन ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांमध्ये करण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. संगणकांची उपलब्धता भरपूर वाढली, तरी गणित व भाषा या विषयांतील प्रगतीवर त्याचा परिणाम दिसून आला नाही, असे आढळले. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या काही चाचण्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली. या दोन देशांची परिस्थिती भिन्न असल्याने सरळ तुलना करणे उचित होणार नाही. तथापि यंत्र हाती पडल्याने शिक्षण आपोआप घडत नाही, एवढे या अभ्यासावरून निश्चित म्हणता येते. यंत्राशेजारी जाणते व आस्था असलेले माणूस लागते. ते माणूस कोण, आणि त्याची दखल समाज कशी घेतो, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

स्वयंसेवेचे विविध प्रकार

उल्लेखनीय कार्य म्हटले, की सर्वसाधारणपणे आज्ञावली लिहिणारा तज्ज्ञ डोळ्यांसमोर येतो. त्याचे महत्त्व आहेच. तथापि मुलाच्या हाती पडणाऱ्या उपयुक्त संगणकामागे किमान पाच प्रकारचे श्रम असतात.

पहिला प्रकार आज्ञावली रचण्याचा. दुसरा भाषांतराचा. पडद्यावरील प्रत्येक सूचना मुलाच्या भाषेत आणणे हे कष्टाचे व जबाबदारीचे काम आहे. मराठीपुरते बोलावयाचे, तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांचे उदाहरण पुरेसे होईल. एकाचा अर्थ समुद्र, तर दुसऱ्याचा डोंगरांमधील खोलगट जागा. दुसऱ्या शब्दातील अर्ध्या रकाराचे चिन्ह ही मराठी लेखनाची खास गरज आहे आणि युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत त्यासाठी निराळी तरतूद आहे. एखाद्या अक्षरसंचात हे चिन्ह नीट उमटत नसेल, तर भूगोलाच्या पाठात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होईल. असा दोष हेरून तो कळविणारी शिक्षिका संगणकशास्त्राची पदवीधर नसली, तरी तिने हजारो मुलांचे हित साधलेले असते.

तिसरा प्रकार दुरुस्तीचा. सैल झालेली तार, धूळ बसलेला पंखा, निकामी झालेली बॅटरी एवढ्या कारणानेही संगणक महिनोन् महिने बंद राहतो. चौथा प्रकार प्रत्यक्ष मार्गदर्शनाचा. मुलांजवळ बसण्याचा, त्यांना चुकू देण्याचा आणि चूक त्यांनाच शोधू देण्याचा. पाचवा प्रकार चाचणी व टिपणलेखनाचा. एखादा पाठ मुलांना कोठे समजत नाही हे पाहून लिहून ठेवणे आणि पुढील माणसासाठी सोप्या सूचना तयार करणे, हे या प्रकारात येते. शेवटचे तीन प्रकार सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. गौरवाची पद्धती ठरविताना सर्वप्रथम विचार करावयाचा, तो या अदृश्य श्रमांचा.

गौरवाच्या काही पद्धती

वेगवेगळ्या ठिकाणी या कार्याची दखल निरनिराळ्या रीतींनी घेण्यात आली आहे. पहिली रीत सार्वजनिक पुरस्काराची. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात ‘रीग्लू’ नावाची संस्था जुने संगणक दुरुस्त करून, त्यांवर मुक्त प्रणाली बसवून ते गरजू मुलांच्या घरी देत असे. २००५ पासून तिने अकराशेहून अधिक संगणक असे दिले होते. मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानने २०१४ सालचा सामाजिक हिताचा पुरस्कार या संस्थेला दिला. जुने यंत्र दुरुस्त करण्याच्या साध्या कामाला ज्ञानकोश व वैद्यकीय नोंदप्रणाली अशा विशाल प्रकल्पांच्या पंक्तीत स्थान मिळाले, हे येथे लक्षणीय आहे.

दुसरी रीत शैक्षणिक मान्यतेची. उरुग्वेच्या विद्यापीठीय उपक्रमात सहभागी विद्यार्थ्यांना या कार्याबद्दल अभ्यासक्रमातील श्रेयांक मिळत. केरळ राज्याने जानेवारी २०१८ मध्ये शाळाशाळांतून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थी मंडळे स्थापन केली. प्रारंभीच त्यांत एक लाखाहून अधिक विद्यार्थी सामील झाले. शाळेतील उपकरणांची देखभाल करणे आणि इतरांना संगणक शिकण्यास साहाय्य करणे ही कामे ते करतात. त्यात चांगली कामगिरी करणाऱ्यांसाठी दहावीच्या परीक्षेत सवलतीच्या गुणांची तरतूद ठेवण्यात आली.

तिसरी रीत बालस्वयंसेवकांच्या प्रोत्साहनाची. २०१० ते २०१९ या काळात गूगल कंपनीतर्फे १३ ते १७ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘कोड-इन’ ही स्पर्धा भरविण्यात येत असे. मुलांनी ‘शुगर लॅब्ज’सारख्या मुक्त प्रकल्पांची छोटी छोटी कामे पूर्ण करावयाची असत. आज्ञावलीच्या बरोबरीने टिपणलेखन, चाचणी, प्रसार व रेखांकन या कामांनाही तीत स्थान होते. कालपर्यंत ज्या मुलांसाठी खेळ तयार होत होते, तीच मुले आता इतर मुलांसाठी खेळ तयार करू लागली.

चौथी रीत अधिकाराची. ‘शुगर लॅब्ज’मध्ये लक्षणीय योगदान देणाऱ्यास सदस्यत्व दिले जात असे आणि सदस्यांना संघटनेचे संचालक मंडळ निवडण्याचा हक्क मिळत असे. मानपत्र भिंतीवर टांगले जाते. निर्णयात वाटा मिळाला, की माणूस कार्याशी बांधला जातो. आपल्या ग्रामव्यवस्थेला ही रीत विशेष जवळची वाटावी.

आपल्या राज्यातील एका गौरवाचाही येथे उल्लेख करणे उचित ठरेल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापून त्यांद्वारे मुलांना ध्वनी व चित्रफितींच्या रूपाने पाठ उपलब्ध करून देण्याचे कार्य त्यांनी केले होते. ते वेतनी शिक्षक असले, तरी हे कार्य नेमून दिलेल्या कर्तव्याच्या कितीतरी पलीकडचे होते. दहा लक्ष डॉलरच्या या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एकाच्या यशामागे अनेकांचे प्रयत्न असतात, याची ही कृतिरूप कबुली म्हणावी लागेल.

गौरव करताना घ्यावयाची दक्षता

गौरव हे दुधारी साधन आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगण्यात आले. दुसऱ्या गटाला ते नंतर अनपेक्षितपणे देण्यात आले. तिसऱ्या गटाला काहीच देण्यात आले नाही. काही दिवसांनी पाहणी केली असता, बक्षिसाच्या आशेने चित्रे काढणारी मुले इतरांच्या तुलनेत जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अनपेक्षित प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती. विशेषतः विद्यार्थी स्वयंसेवकांच्या बाबतीत हा निष्कर्ष ध्यानात ठेवावयास हवा. बक्षिसाचे आमिष दाखवून सेवा करवून घेण्यापेक्षा, झालेल्या सेवेची मनापासून दखल घेणे अधिक हितावह ठरते.

दुसरी दक्षता अशी, की गौरव हा जबाबदारी टाळण्याचा मार्ग होऊ नये. शाळेत शिक्षक नेमणे, वीज पुरविणे, यंत्रांची देखभाल करणे ही शासनाची व स्थानिक संस्थांची कर्तव्ये आहेत. वर्षाकाठी एक श्रीफळ व शाल देऊन एखाद्या तरुणाकडून बिनपगारी शिक्षकाचे काम करवून घेणे, हा त्याचा सन्मान नव्हे. निदान त्याचा प्रवासखर्च व सुट्या भागांचा खर्च तरी त्याच्या खिशातून होऊ नये.

तिसरी दक्षता बालकांच्या सुरक्षिततेची. शाळेत येणारा स्वयंसेवक कितीही नावाजलेला असो, त्याची ओळख तपासलेली असावी आणि मुलांसमवेतचे त्याचे काम शिक्षकांच्या उपस्थितीतच चालावे. मानसन्मानामुळे या नियमात सूट मिळू नये.

ग्रामपातळीवर काय करता येईल

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समित्या अस्तित्वात आल्या. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. मूल घरी येऊन काय सांगते, हे पालकांना ठाऊक असते. त्यामुळे खरा स्वयंसेवक कोण, हे ओळखण्यास या समितीइतके योग्य व्यासपीठ दुसरे नाही.

समितीने शाळेत एक सेवा-नोंदवही ठेवावी. दिनांक, स्वयंसेवकाचे नाव, केलेले काम, लागलेला वेळ आणि शिल्लक राहिलेले काम असे पाच रकाने तीत पुरेसे आहेत. या नोंदवहीचा लाभ दुहेरी आहे. गौरवाला आधार मिळतो आणि नव्याने येणाऱ्या माणसाला मागील काम कोठे थांबले हे कळते. स्वयंसेवक गाव सोडून गेला, तरी त्याची विद्या शाळेत राहते.

वर्षातून एकदा या नोंदींच्या आधारे ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव मांडावा. ठरावाची शब्दयोजना महत्त्वाची आहे. ‘शाळेस मोलाचे सहकार्य केल्याबद्दल’ असे मोघम शब्द कोणालाही लागू पडतात आणि म्हणून कोणाच्याच मनाला भिडत नाहीत. त्याऐवजी, नमुन्यादाखल सांगावयाचे तर, ‘जुलै ते डिसेंबर या काळात दर शनिवारी शाळेत येऊन बंद असलेल्या सात संगणकांपैकी पाच चालू केले व सहावीच्या मुलींना त्यांची देखभाल शिकविली, याबद्दल’ असे लिहावे. अशा ठरावाची प्रत त्या तरुणाला किंवा तरुणीला नोकरीच्या अर्जासोबत जोडता येईल. नेमक्या शब्दांत लिहिलेला ठराव स्मृतिचिन्हाहून अधिक उपयोगी पडतो.

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी अशी अपेक्षा असते. जवळच्या महाविद्यालयाशी संपर्क साधून त्यातील काही तास शाळेच्या संगणक-कक्षासाठी मिळविता येतील. उरुग्वेने विद्यापीठामार्फत जे साधले, त्याची चौकट आपल्याकडे अनेक वर्षांपासून तयार आहे. तसेच संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ साली ५ डिसेंबर हा दिवस स्वयंसेवक दिन म्हणून घोषित केला. त्या दिवशी शाळेत छोटासा कार्यक्रम घेऊन मुलांनीच आपल्या मार्गदर्शकांविषयी चार शब्द बोलावेत. त्या दिवशीच्या व्यासपीठावर दुरुस्ती करणारा, भाषांतर करणारी आणि रोज संगणकांवर आच्छादन घालणारा शाळेचा शिपाई यांना मानाची जागा असावी.

मुलांच्या हाती आलेले यंत्र काही वर्षांत जुने होते. ते चालू ठेवण्याची विद्या, आणि ती विद्या विनामोबदला दुसऱ्याला देण्याची वृत्ती, मात्र पिढ्यानुपिढ्या टिकू शकते. ती टिकविण्याचे कार्य एका नोंदवहीने व ग्रामसभेच्या एका ठरावाने सुरू होऊ शकते. येत्या बैठकीत शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपल्या शाळेपुरता एवढाच प्रश्न विचारावा, की गेल्या वर्षभरात आपल्या मुलांच्या संगणकापाशी कोण कोण बसले होते. उत्तरादाखल जी नावे पुढे येतील, त्यांच्यासाठी शाळेच्या भिंतीवर थोडी जागा निश्चितच काढता येईल.